शेजारच्या आबांची घोडी रविवारी जाणार आहे, आपण काय करायचं?

शुक्रवारपेठ_गल्ली | बुधवार, रात्री १०.१०

मंडळी, जरा मोठं लिहितेय, समजून घ्या. इथं कोल्हापुरात आमच्या शेजारी आबा राहतात, वय ७६. अख्खी हयात टांग्यावर गेली. स्टेशन ते महाद्वार, स्टेशन ते रंकाळा. मग रिक्षा वाढल्या, गावातले टांगे एकेक करून सुटले तसा त्यांचाही सुटला, पण घोडी नाही सुटली. मैना तिचं नाव. कुमैत म्हणजे काळपट तांबडा रंग, कपाळावर पांढरा टिळा. वीस वर्षांपूर्वी अकलूजच्या बाजारातून चार दाती, म्हणजे चारेक वर्षांची असताना आणली, म्हणजे आता चोवीसच्या घरात आहे. टांगा गेल्यावर काही वर्षं वराती केल्या, रंकाळ्यावर पोरांना फेऱ्या दिल्या, गेली पाच-सहा वर्षं मात्र मैना काहीच काम करत नाही, आबाच तिचं करतात. पहाटे पाचला उठून रात्री भिजवलेली चंदी, म्हणजे हरभऱ्याचा खुराक, तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) घालायची, मग खरारा, म्हणजे लोखंडी ब्रशानं अंग घासणं. त्या खराऱ्याच्या खर्र खर्र आवाजावर आमच्या घरात दिवस उजाडतो, गजर लावायची गरजच नाही.

आक्का गेल्यापासून तर त्यांचं बोलणं मैनेशीच जास्त. २०१९ च्या पुरात गल्लीत पाणी शिरलं तेव्हा सगळे नातेवाईकांकडे, शाळेत गेले. आबा मैनेला घेऊन वरच्या अंगाला एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली चार रात्री उभे. मुलगा पुण्याहून फोन करून ओरडत होता आणि हे म्हणत होते की तिला शाळेत घेतील का, मग मी कसा जाऊ.

आता वाडा बिल्डरकडे गेलाय, मागचा परडा जाणार. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाण्याच्या बादल्या उचलवत नाहीत, दोनदा पडले. ते इथेच पेठेत दोन खोल्यांत राहणार पण घोडीला जागा नाही. भुदरगडकडचं एक शेतकरी जोडपं मैनेला न्यायला तयार झालंय, त्यांच्याकडे एक म्हातारं तट्टू आहे, त्याला सोबत हवीय. आबांनी एक पैसा घेतला नाही, एवढंच सांगितलं की पुढं विकायची नाही. रविवारी टेम्पो येणार.

आणि गल्लीत जो भेटेल तो विचारतोय, "आबा, कितीला गेली?" नाहीतर "सुटलासा की एकदाचं." काल टपरीवर कोण तरी म्हणालं, म्हातारी झाली म्हणून काढून टाकली. आबा तसेच घरी आले आणि परड्यात मैनेच्या पुढच्या पायाला पाठ टेकून बसले. मी चहा घेऊन गेले. काय बोलावं सुचेना. "चहा गार होईल आबा" एवढंच म्हणून परत आले आणि स्वयंपाकघरात येऊन रडले.

मला खरंच कळत नाहीये की अशा माणसासाठी काय करायचं असतं. कुणी या प्रसंगातून गेलं असेल तर सांगा ना.


तांबडा_पांढरा | बुधवार, रात्री १०.३२

काळजाला लागलं ताई. मला घोड्यातलं काय कळत नाही पण रविवारी टेम्पोला हात लावायला माणसं लागली तर आम्ही चौघं येतो, शिवाजी पेठेतून पाच मिनिटांत.


दुडकी_चाल | बुधवार, रात्री ११.०५

मी या प्रसंगातून गेलोय. आमचा घोडा अबलख, म्हणजे काळा-पांढरा होता, लहानपणापासून आमच्याकडे. आठ वर्षांपूर्वी त्याला पोटशूळ झाला. ज्यांच्याकडे घोडं नाही त्यांना सांगतो, घोड्याला उलटी करता येत नाही, शरीराची रचनाच तशी आहे, त्यामुळं आत जे अडकलं ते वरून निघायचा रस्ता नाही. संध्याकाळी सारखा मान वळवून पोटाकडं बघायला लागला, खुरानं जमीन उकरायला लागला, मग लोळण. आम्ही फिरवला, डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, नळी घातली. रात्री एकपर्यंत हिरड्या काळपट पडल्या. धडधाकट घोड्याची नाडी मिनिटाला चाळीसच्या आत-बाहेर असते, त्याची ऐंशीच्या वर गेली होती. आतडं पिळलं गेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला नेलं आणि सरळ सांगितलं की आता फक्त त्याचे हाल थांबवणं आपल्या हातात आहे.

त्या रात्री माझ्याशी तीन माणसं फार चांगली वागली, तेच सांगतो, कारण तुम्ही "काय करायचं" विचारलंय.

एक ते डॉक्टर. घाई केली नाही. आधी गुंगीचं देणार, मग मानेच्या शिरेतून, तो एकदम खाली बसेल तेव्हा तुम्ही कुठं उभं राहायचं, डोळे उघडेच राहतील, नंतर एखादा श्वास आल्यासारखा वाटेल पण तो तुमचा घोडा नव्हे, हे सगळं आधी सांगितलं. त्यामुळं नंतर जे बघितलं त्याची भीती नाही वाटली. आणि म्हणाले, "तुम्ही थांबा नाहीतर जा, दोन्ही बरोबरच आहे." मी थांबलो.

दुसरा आमचा शेजारी. त्याच्याशी बांधावरून आमचं वाकडं होतं. त्यानं मला एका शब्दानं न विचारता जेसीबीवाल्याला उठवलं, विहिरीपासून लांब जागा बघून खड्डा काढला, चुन्याची पोती आणली. मला एक फोन करावा लागला नाही. आजतागायत आम्ही त्यावर बोललेलो नाही, पण बांधाचं भांडण तिथंच संपलं.

तिसरी माझी आत्या. ती चौथ्या दिवशी आली. तोपर्यंत येणारा प्रत्येक जण "चालायचंच" म्हणून गेला होता. आत्यानं विचारलं, त्याला काय आवडायचं रे? मी सांगायला लागलो आणि दीड तास सांगत होतो.

ताई, चहा गार होईल म्हणालात ते काही चुकीचं नव्हतं. तुम्ही गेलात तरी. उद्या परत जा.


पशुवैद्य_निवृत्त | गुरुवार, सकाळी ७.२०

नोकरीत माझी बत्तीस वर्षं गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत गेली. कामाची दोन-चार बोलणी आधी बोलतो, कारण घोडी नीट पोचली तर आबांना झोप लागेल, तो दिलासा कुठल्या शब्दानं येत नाही.

नेताना पशुवैद्याचं प्रमाणपत्र सोबत असू द्या, घोडी प्रवासाला ठीक आहे आणि तिला संसर्गजन्य आजार नाही असं. जनावर वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत तसं म्हटलेलंच आहे. धनुर्वाताची लस झालीय का विचारा, घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो. टेम्पोच्या फाळक्यावरून तिला थेट वर चढवू नका, चोवीस वर्षांचे गुडघे आहेत, एखाद्या ओट्याला किंवा मातीच्या चढाला टेम्पो मागून लावा म्हणजे ती जवळजवळ सपाटीवरून आत जाईल. खाली वाळू आणि त्यावर पाचट टाका, घसरायला नको. निघायच्या आधी पोटभर चंदी घालू नका, चारा चालेल. पहाटेच निघा, उन्हात नको.

सगळ्यात महत्त्वाचं, तिची रोजची चंदी आणि चारा आठ-दहा दिवसांचा सोबत द्या. नव्या घरी गेल्या दिवसापासून नवं खाणं सुरू केलं की म्हाताऱ्या घोड्याला हमखास पोटशूळ. जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त, असं हळूहळू बदलायचं. तिची बादली, दावं, झूल, तोबरा, सगळं तिच्याबरोबर जाऊ द्या. न धुता. वास ओळखीचा राहतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. घोडी टेम्पोत कोण चढवणार? पुष्कळ जण म्हाताऱ्या मालकाला आत नेऊन बसवतात, "तुम्ही नका बघू" म्हणून. मी म्हणेन, त्यांना विचारा. जनावर ओळखीच्या हाताबरोबर शांत चढतं. ओढाताण झाली, ती खिंकाळली आणि आबा आत खोलीत बसून ऐकत असले तर तो आवाज त्यांच्या कानातून जन्मात जायचा नाही.


गवताळ_माळ | गुरुवार, सकाळी ९.४५

मला हे पटत नाही. आमच्या काकांना शिंगरू विकताना पुढं उभं केलं होतं, ते महिनाभर जेवले नाहीत. काही माणसांना न दिसलेलंच बरं.


पशुवैद्य_निवृत्त | गुरुवार, सकाळी ९.५८

म्हणूनच विचारा म्हटलं. आपण ठरवायचं नाही.


सडेतोड_राव | गुरुवार, दुपारी १.१५

वाईट वाटून घेऊ नका पण वीस वर्षं ज्या जनावराच्या जिवावर खाल्लं ते म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात सोडायचं हे बरोबर नाही. आईबापाला सोडतो का आपण? मरेपर्यंत सांभाळायचं असतं.


शुक्रवारपेठ_गल्ली | गुरुवार, दुपारी १.४०

दादा, हेच वाक्य टपरीवर आबांनी ऐकलंय. मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते. गुडघा बांधून अर्धी-अर्धी बादली करत तीस-पस्तीस लिटर पाणी रोज भरणारा माणूस मी बघितलाय. स्वतःच्या औषधाची गोळी एक दिवसाआड घ्यायची आणि लसूणघास रोज आणायचा असं चाललं होतं त्यांचं, डॉक्टर रागावले तेव्हा आम्हाला कळलं. आज ते पडले आणि उठलेच नाहीत तर मैनेला पाणी कोण पाजणार, ही त्यांची भीती आहे. ते तिला सोडत नाहीयेत, स्वतः असताना तिची सोय लावतायत.


निपाणीकर | गुरुवार, दुपारी २.०५

शुक्रवारपेठ ताईंना अनुमोदन. ज्याच्याकडे जागा, पैसा, अंगात ताकद आहे त्यानं म्हाताऱ्या जनावराला काढलं तर बोला, हक्कानं बोला. पण जनावर चांगल्या हातात द्यायला जो स्वतः चार गावं फिरून माणसं पारखतो त्याला दोष देऊ नका. आमच्याकडं चिकोडीजवळच्या अंकलीचे अश्व वारीला जातात, माउलींच्या रिंगणात धावतात, त्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. घोड्यात देव बघणारी माणसं आपण, घोडेवाल्यात निदान माणूस तरी बघूया.


सडेतोड_राव | गुरुवार, दुपारी ४.३०

गोळीचं वाचलं. मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. चाऱ्याचा खर्च किंवा टेम्पोचं भाडं यातलं काही मला देता आलं तर सांगा, मनापासून विचारतोय.


मुंबईत_कागलकर | गुरुवार, रात्री ९.१५

मुंबईत २०१५ साली हायकोर्टानं व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, बंद करायचा निकाल दिला, वर्षभराची मुदत दिली होती. जनावरांचे हाल होत होते, निकाल मला तेव्हाही पटला आणि आजही पटतो. पण आमच्या ऑफिसच्या वाटेवर एक चाचा गाडी लावायचे, त्यांची ओळख होती. त्या वर्षभरात जो तो त्यांना विचारायचा, भरपाई किती मिळणार, परवान्याचं काय, आता रिक्षा घेणार का. मीही तेच विचारायचो, मला वाटायचं मी त्यांची काळजी करतोय. एक दिवस त्यांची गाडी दिसली नाही. पुढं महिन्याभरानं चाचा एकटेच भेटले, पानवाल्याकडं. मी म्हटलं, आणि शेरू? त्यांचं तोंड बदललं. म्हणाले, "साहेब, तुम्ही पहिले. पोटाचं सगळ्यांनी विचारलं, त्याचं नाव कुणी घेतलं नाही."

म्हणून ताई, नाव घ्या. "ती घोडी", "जनावर" असं नको. मैना म्हणा. गेल्यावर तर जास्तच. आपल्याला वाटतं विषय काढला तर त्यांना त्रास होईल. त्यांच्या मनात तो विषय चोवीस तास चालू असतो, आपण गप्प राहिलो की ते त्यात एकटे पडतात.


आजरा_घनसाळ | गुरुवार, रात्री १०.००

एक छोटं सुचवते. माझ्या भावानं घोडी दिली तेव्हा नव्या मालकाला काहीच सांगितलं नव्हतं आणि मग रोज रात्री त्याच्या डोक्यात तेच, तिला हे माहीत असेल का, ते कळेल का. तर मैनेच्या सवयी आबांना विचारून कागदावर लिहून घ्या. नव्या माणसांच्या उपयोगाचं आहे आणि आबांनाही सांगून मोकळं व्हायला होईल.


पशुवैद्य_निवृत्त | गुरुवार, रात्री १०.१२

याहून चांगला सल्ला मला देता आला नसता. चंदीचं माप, पाण्याची वेळ, दातांची तक्रार, नाल कधी बदलले, सगळं लिहा.


शुक्रवारपेठ_गल्ली | शुक्रवार, रात्री ११.३०

आज संध्याकाळी वही घेऊन परड्यात गेले. आबा म्हणाले, "त्यात काय लिवायचं पोरी, घोडं हाय, खातंय, पितंय." मी म्हटलं, बरं, मग चंदी किती? म्हणाले, "दीड शेर हरभरा, भिजवून, आणि कोंडा." बरं, तसाच द्यायचा? "तसा कसा, दात झिजल्यात तिचं, अख्खा दाणा चावत न्हाई, ठेचून द्यायचा. आन तोंडातनं चाऱ्याचं बोळं पडाय लागलं की समजायचं दात टोचाय लागलेत." आणि तिथून जे सुरू झालं ते रात्री दहापर्यंत.

उजव्या डोळ्यानं कमी दिसतं, म्हणून कायम डाव्या अंगानं जायचं आणि जाताना बोलत जायचं. ढोल-ताशाला भीत नाही, वराती केल्यात, फटाक्याला पण नाही. पण ताडपत्री फडफडली की बिचकते, पुराच्या वेळी पत्र्याखाली रात्रभर ताडपत्री वाजत होती तेव्हापासून. नवीन बादलीला तोंड लावत नाही, त्यात आधी तिच्या जुन्या बादलीतलं पाणी ओतायचं. उसाचं वाडं आवडतं पण जास्त घालायचं नाही. गूळ बोटाएवढाच, तोही रविवारी. नालबंद आला की मागचा डावा पाय लवकर देत नाही, दुखतो, तिला घाई करायची नाही, मानेखाली आयाळ संपते तिथं खाजवत राहायचं, मग आपणच देते. पावसाळ्यात रात्री एकदा उठून पायाखालचं कोरडं आहे का बघायचं. पाठीवर कुणाला बसवायचं नाही आता, लेकरू असलं तरी नाही. दसऱ्याला पायांवर पाणी घालून हळदकुंकू लावायचं, खुरांना खोबरेल लावायचं, तिला माहीत असतं त्या दिवशी, गप उभी राहते.

हे सांगताना मध्येच उठले, माझा हात धरून मैनेच्या मानेखाली नेला, म्हणाले इथं, अशी बोटं चालव. मी चालवली तर तिनं वरचा ओठ लांब केला, डोळे अर्धे मिटले आणि मान माझ्या खांद्यावर टाकली. एवढं ऊन ऊन वजन. आबा हसले. या आठवड्यात पहिल्यांदा हसले असतील.

पाच पानं झाली. शेवटी म्हणाले, "वाचून दाखव." दाखवलं. दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. मग विचारलं, चढवताना तुम्ही थांबणार का आबा, की आत बसणार? बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणाले, "माझ्या हातनं आली, माझ्या हातनं जाऊ दे."


तांबडा_पांढरा | शनिवार, सकाळी ८.००

ताई, टेम्पोसाठी वाळू आणि पाचट आम्ही बघतो, काळजी करू नका. गाडी माझ्या मित्राचीच आहे, सावकाश चालवतो, त्याला सांगून ठेवलंय की वाटेत दोनदा थांबायचं, पाणी दाखवायचं.


पंचगंगाकाठ | शनिवार, दुपारी १२.४०

मी फक्त एवढंच सांगेन की रविवारी मोबाईल काढून शूटिंग करायला देऊ नका कुणाला. आमच्या गल्लीत एका काकूंची गाय गेली तेव्हा त्या रडतानाचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला होता. त्यांना अजून लोक त्यावरून बोलतात.


दुडकी_चाल | शनिवार, दुपारी ३.१५

एक राहिलं होतं सांगायचं. रविवार कसा तरी जातो. माणसं असतात, धावपळ असते. अवघड असते ती सोमवारची पहाट. अबलख गेल्यावर मी पहिले पंधरा दिवस पाचला उठत होतो आणि हरभरे भिजवलेले नाहीत हे दारात गेल्यावर आठवायचं. हाताला सवय असते. तेव्हा भेटायला कुणी येत नाही, सगळे संध्याकाळी येतात. ताई, तुम्हाला जमलं तर पाचला जा.


शुक्रवारपेठ_गल्ली | रविवार, रात्री ९.००

गेली मैना.

पहाटे साडेचारला आबांनी खरारा केला, रोजच्यापेक्षा जास्त वेळ. आयाळ विंचरली. गल्लीतली माणसं आपणहून आली होती पण कुणी गलका केला नाही, शिवाजी पेठेतली चार पोरं तर चपला काढून उभी होती परड्याच्या तोंडाशी, मला ते बघूनच भरून आलं. व्हिडिओ कुणी काढला नाही. माझ्या मुलीनं गुळाचा खडा आणला होता, आबांनी बघितला, बोटाएवढाच होता, रविवारही होता, दे म्हणाले.

टेम्पो चावडीच्या ओट्याला लावला होता. आबा पुढं, मैना मागं. ओट्याच्या टोकाला ती थांबली. कुणी हाकललं नाही. आबा काठी टेकून फळीवर गेले, आत उभे राहून तिच्याकडं पाठ केली आणि नेहमीसारखं "चल बाई" म्हणाले, ती गेली. आत दहा मिनिटं दोघं होती. त्या शेतकऱ्यानं तेव्हा जे केलं ते मी विसरणार नाही. तो घाई न करता खाली उभा होता, आणि आबा बाहेर आल्यावर त्यानं दावं हातात घ्यायच्या आधी आबांच्या पाया पडला. त्याच्या बायकोनं पाच पानं पदराखाली धरली होती, म्हणाली, गोठ्यात चिकटवते काका, आमच्या तट्टाचं पण असं कुणी लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.

आबा रडले नाहीत. टेम्पो वळणावर गेला आणि आतून एकदा खिंकाळली, तेव्हा त्यांनी फक्त हात वर केला. झूल, तोबरा, बादली सगळं तिच्याबरोबर गेलं, खरारा तेवढा खिशात राहिला त्यांच्या. राहू दे म्हटलं मी.


मुंबईत_कागलकर | रविवार, रात्री ९.२०

चपला काढून उभी होती पोरं. वाचून बराच वेळ तसाच बसून होतो.


शुक्रवारपेठ_गल्ली | सोमवार, सकाळी ६.१५

दुडकी_चाल, तुमचे उपकार कसे मानू. पावणेपाचला दिवा दिसला म्हणून गेले. आबा परड्यात उभे होते, हातात पातेलं, त्यात भिजवलेले हरभरे. रात्री सवयीनं भिजवले होते. मला बघून म्हणाले, "आता ह्याचं काय करू?" मी म्हटलं, द्या इकडं. घरी आणून उसळ टाकली, मिरची-खोबरं घालून, आणि दोघं आमच्या स्वयंपाकघरात जेवलो, पहाटे साडेपाचला. सगळा वेळ मैनेबद्दलच बोलत होते. मी काहीच केलं नाही, फक्त वाढत होते.

उद्यापासून मुलगी म्हणतेय मी पण उठणार.


आजरा_घनसाळ | सोमवार, सकाळी ८.५०

बातमी लवकर येऊ द्या तिकडून. पहिल्या आठवड्यात फोन आला पाहिजे, आबांना करायला लावू नका, त्यांना संकोच वाटेल. त्या ताईंना सांगा तुम्हीच.


शुक्रवारपेठ_गल्ली | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.००

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. फोन येतात, आठवड्यातून दोनदा. पहिले चार दिवस मैनेनं चारा अर्धाच खाल्ला, तट्टाकडं पाठ करून उभी राहायची. डॉक्टर काकांनी सांगितल्याप्रमाणे तिकडच्या दवाखान्यातून तपासून घेतली, पोट ठीक होतं. पाचव्या दिवशी तट्टाच्या शेजारी उभी राहिली. आता तो दिसला नाही तर हाका मारते म्हणे. तुमच्यापैकी ज्यांनी चाऱ्याला पैसे पाठवले ते सगळे त्या जोडप्याला पोचवले, सडेतोड दादांनी तर घासाची दोन पोती स्वतः नेऊन दिली.

आबा पहाटे आमच्याकडं येतात, कधी येत नाहीत. काही दिवस वाईट जातात, परवा अख्खा दिवस बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात गुडघा बरा असला तर भेटायला जायचंय, तांबडा_पांढरा गाडी काढतो म्हणालाय.

आज सकाळी तिकडच्या ताईंचा फोन होता, स्पीकरवर ठेवला. सांगत होत्या की पावसासाठी गोठ्याला ताडपत्री बांधली, पानं वाचून घाबरतच बांधली, आधी दोन दिवस ती जमिनीवर पसरून त्यावर चारा ठेवला, मग हळूहळू वर घेतली. रात्री वारा सुटला, फडफड झाली. मैनेनं कान वळवले आणि खात राहिली.

आबांनी दोनदा विचारलं, खात राहिली? मग मला म्हणाले, "तुझ्याकडं त्या कागदाची दुसरी प्रत हाय न्हवं? त्यातली ताडपत्रीची ओळ खोड."